नोकरी लागली, पण ट्रेनी!

इंटर्न, ट्रेनी, फ्रेशर, अप्रेंटिस, प्रोबेशनर... ऑफिसातल्या नव्या माणसाला नावं तरी किती! काम मात्र बहुतेकदा एकच. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं आणि ‘हे जरा बघतेस का?’ला हसून हो म्हणणं.

मास कॉम झाल्यावर मी एका पेपरात तीन महिने इंटर्न होते. बायलाइन नाही, आयकार्ड नाही, पैशांचं तर नावच नको. गेटवर रोज व्हिजिटर्सच्या रजिस्टरमध्ये सही करायचे. गंमत बघा, इंटर्न हा मूळचा फ्रेंच शब्द आणि त्याचा अर्थ आहे ‘आतला’! हॉस्पिटलातच राहून शिकणारा डॉक्टर तो इंटर्न. म्हणून तर डॉक्टरांच्या इंटर्नशिपला मराठीत आंतरवासिता म्हणतात. मी नावाने आतली, सही मात्र बाहेरच्यांच्या वहीत.

अप्रेंटिसचं जरा बरं असतं. त्याच्यामागे 1961 चा कायदा आहे. करार होतो, ठरलेलं किमान विद्यावेतन द्यावंच लागतं. (तोच कायदा हेही बजावतो, की हा शिकाऊ आहे, कामगार नव्हे.) मीडियातल्या इंटर्नसाठी असा वेगळा कायदाच नाही. जे काय असेल ते ऑफर लेटरमध्ये, म्हणजे ऑफर लेटर मिळालं तर.

हे सगळं मला माहीत होतं. पण या शब्दांचा खरा हिशेब मी ऐकला तो आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला. 2025 च्या उन्हाळ्यात तिथल्या देवराईवर फीचर करायला गेले होते. घोडेगाव मागे पडलं की डिंभे धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं, मग चढ, आणि शेवटी एकदम कडाच. खाली कोकण! ज्या घरी उतरले तिथला मुलगा बीए झालेला. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी ऑफिसात ट्रेनी. योजना 2024 ची, पदवीधराला महिना दहा हजार. आधी मुदत सहा महिने होती, 2025 मध्ये ती अकरा झाली.

त्याची आजी अंगणात हिरडे वाळत घालत होती. सहज विचारलं, ‘आजी, नातवाला नोकरी लागली ना?’

‘लागली म्हनतो. मंग म्हनतो, अजून लागली नाय. पैसं येत्यात, पन त्याला पगार म्हनायचं नाय म्हनं!’

‘मग ट्रेनी म्हणजे काय हो?’

‘कुनाच्या तरी हाताखाली हाय, आन् काय. पोरी, हिरडा कवा काढायचा, बाळहिरडा कंचा, ह्ये त्याला म्याच शिकिवलं. पन त्यानं गोळा केल्याला माल इकला, की पैसं त्याच्याच हातात!’

माझ्या त्या तीन महिन्यांबद्दल मी आजींना काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार?

आपल्याकडे या कामाला एक जुना, छान शब्द होता : उमेदवारी. फारसी ‘उमेद’वरून आलेला. शिकणाऱ्याला पुढे काहीतरी मिळण्याची आशा आहे, हे त्या शब्दातच कबूल केलेलं असायचं. आता उमेदवार म्हटलं की डोळ्यांसमोर फ्लेक्स येतो आणि हात जोडलेला फोटो.

अकरा महिने भरल्यावर त्या मुलाचा फोन आला. पुण्यातल्या एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट दाखवलं, तर एचआरवाले म्हणाले, ‘गुड, म्हणजे तुम्ही फ्रेशर. आधी सहा महिने ट्रेनी म्हणून घेऊ.’

‘ताई, मग अकरा महिने मी कोण होतो?’

मी म्हटलं, ते राहू दे, आधी स्टायपेंड किती देणार ते विचार.

त्याने विचारलं. ‘पॉलिसी बघून कळवतो’ म्हणाले.