घराला पांघरूण

डिचोलीत डिसेंबरच्या पहाटे पारा विशीच्या खाली उतरला की आम्ही कानटोप्या काढतो आणि "औंदा थंडी बरीच हां" असं एकमेकांना सांगत बसतो. अशा माणसाने कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात, मँक्टनला, लेकीकडे हिवाळा काढायला जावं हा तसा आगाऊपणाच. पण नात लहान होती. 2022 च्या डिसेंबरात आम्ही दोघं जाऊन पोचलो.

लेकीचं घर मॉड्युलर. म्हणजे कारखान्यात दोन अर्ध्या भागांत तयार झालेलं, ट्रेलरवरून आणून काँक्रीटच्या खांबांवर ठेवलेलं आणि मधोमध जोडलेलं. या जोडाला तिकडचे कारागीर 'मॅरेज लाइन' म्हणतात! घराखाली कमरेइतकी पोकळी, तिच्यातून पाण्याचे नळ गेलेले, आणि बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा आडोसा. खोल्यांमध्ये खिडकीखाली विजेचे लांबट हीटर आणि प्रत्येक खोलीत तापमान ठरवायचं बटण, थर्मोस्टॅट.

आता कबूल करतो. लेक रात्री थर्मोस्टॅट सतरावर आणून झोपायची. ती झोपली की मी हळूच उठून तो तेविसावर न्यायचो आणि पहाटे परत खाली आणून ठेवायचो. महिनाभर हे बिनबोभाट चाललं. मला वाटायचं, हिला काटकसरीची खोड आईकडून आली.

जानेवारीत एकदा चाकू शोधताना स्वयंपाकघरातल्या खणात विजेचं बिल सापडलं. आदल्या महिन्याच्या जवळजवळ दुप्पट. लेकीने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. शनिवारची जादा पाळी मात्र ती करू लागली होती, आणि "कामाचा लोड आहे, बाबा" असं सांगत होती. त्या रात्री मी हिशेब मांडला. दीड हजार वॉटचा एक हीटर दिवसभर अखंड चालला तर 36 युनिट होतात. डिचोलीला आम्हा दोघांना महिन्याला दीडशे युनिट पुरतात. ते एक हीटर चार दिवसांत खातो. आणि मी चोरून वाढवत होतो ते सगळ्या खोल्यांचे!

तेव्हापासून स्वेटरवर स्वेटर घालून गप्प बसू लागलो. पण घर सतरावर असूनही पाय बर्फ होत. ऊब होती, ती जात कुठे होती?

उत्तर मिळालं फेब्रुवारीत. 3 आणि 4 फेब्रुवारी 2023 ला त्या सगळ्या किनारपट्टीवर आर्क्टिकची लाट आली. पारा उणे पंचविशीच्या आसपास आणि वर वारा. सकाळी नळ उघडला तर थेंब नाही. जावई आणि मी बाहेर जाऊन बघतो तर आडोशाच्या दोन पट्ट्या वाऱ्याने उडालेल्या आणि घराखालून गार वारा आरपार वाहतोय. शेजारचे फ्रेंच बोलणारे आजोबा आले, ऐंशीच्या घरातले. त्यांनी आधी आतला नळ उघडा ठेवायला लावला, मग केस वाळवायच्या यंत्राने नळाच्या बाजूपासून मागे मागे पाइप शेकायला सांगितला. ज्योत अजिबात लावायची नाही, हे तीनदा बजावलं. दोन तासांनी पाणी आलं.

नंतर चहा घेताना आजोबा म्हणाले, त्यांच्या लहानपणी हिवाळ्याआधी घराच्या पायाभोवती समुद्राचं सुकं गवत आणि सूचिपर्णी झाडांच्या फांद्या रचून दाबत. मला आमचं जुनं घर आठवलं. मिरगाआधी बाबा मातीच्या भिंतींना चुडतांची झापं बांधायचे. इथे पाऊस, तिथे वारा. पण ऋतू आला की घराला कपडे घालायचे हे दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक होतं. कारखान्यातून आलेल्या घराबरोबर ते कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये सरकारी अनुदानासाठी घराची तपासणी झाली. (2021 साली सुरू झालेली ती योजना 2024 साली नव्या अर्जांना बंद झाली.) तपासनिसाने दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढली, म्हणजे फटींतून बाहेरची हवा आत शिरते आणि फटी कळतात. मी देवापुढची अगरबत्ती घेऊन त्याच्या मागोमाग फिरलो. मॅरेज लाइनवर छताजवळ धूर सरळ आडवा झाला. हीने लगेच शेरा मारला, "लग्नाचा सांधा आहे, वारा शिरायचाच!"

मग कामाचा क्रम ठरला. आधी फटी बुजवणं, आडोशाच्या आतून फोमचे जाड तक्ते, पाइपांभोवती गोठण्याच्या वेळी आपोआप तापणारी विजेची तार. खिडक्यांना आतून ताणून बसवायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा, तो तर आम्हीच लावला. खर्चात सगळ्यात किरकोळ आणि फरक पहिल्याच रात्री. हीट पंप सगळ्यात शेवटी, त्या उन्हाळ्यात बसला. आपला एसी उलटा चालवावा तसं ते यंत्र. बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून आत आणतं. साधा हीटर एका युनिटमागे एका युनिटाचीच ऊब देतो. पंप शून्याच्या आसपास साधारण तिप्पट देतो, उणे पंधराला दुपटीच्या जवळपास. उणे पंचविशीत मात्र तोही दमतो, म्हणून जुने हीटर काढले नाहीत. आणि फटी तशाच ठेवून आधी पंप बसवला असता तर तो मोठा, महाग घ्यावा लागला असता, असं तपासनीस म्हणाला.

2024 च्या डिसेंबरात परत गेलो. पहिल्याच सकाळी बाहेरच्या यंत्रातून पांढरा लोट निघताना दिसला आणि मी "आग, आग" करत लेकीला उठवलं. ती हसत सुटली. यंत्रावर साचलेला हिमाचा थर ते अधूनमधून स्वतःच वितळवतं, ती त्याची वाफ. बर्फात बुडू नये म्हणून ते उंच घडवंचीवर बसवलंय.

घर आता वीसवर असतं, रात्रीसुद्धा. पंपाला सारखं वर-खाली केलेलं मानवत नाही म्हणे. शनिवारी लेक घरी असते. थर्मोस्टॅटला मी हात लावत नाही.