निष्ठा कुणाशी?

"अब्बू, तुम्ही तेव्हा असता तर काय केलं असतं?"

चीनमधल्या मिंग राजवटीच्या शेवटाची गोष्ट मी लेकीला सांगत होतो. तिनं मध्येच हा प्रश्न टाकला आणि मी गप्प झालो. वीस वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर उत्तर तोंडावर होतं.

गोष्ट 1644 सालची. बंडखोरांची फौज बीजिंगमध्ये शिरली आणि सम्राट चोंगझेन यानं राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. काही आठवड्यांतच बंडखोरांना हुसकावून मांचूंनी राजधानी घेतली, छिंग राजवट सुरू झाली. पुढच्या वर्षी दक्षिणेतलं नानजिंग पडलं आणि हुकूम सुटला की, प्रत्येक पुरुषानं डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे मांचू पद्धतीची वेणी ठेवावी, नाहीतर मुंडकं जाईल. कन्फ्युशियसच्या शिकवणीत देह आणि केस ही आईवडिलांची ठेव मानली जाते. ती जपणं हे मुलाचं पहिलं कर्तव्य. नव्या सत्तेनं नुसता कर मागितला नव्हता. तिनं वस्तरा थेट श्रद्धेवर ठेवला होता.

सर्वांत मोठा पेच विद्वानांचा होता. ही माणसं कन्फ्युशियसचे ग्रंथ पाठ करून, कठीण परीक्षा देऊन सरकारी पदांवर बसलेली. सच्चा मंत्री दोन राजघराण्यांची चाकरी करत नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. आता धडा संपला होता आणि खरी परीक्षा समोर होती.

ल्यू झोंगझोऊ हे त्यांतले थोर गुरू. हांगझोऊ पडल्याचं कळताच त्यांनी अन्न सोडलं आणि सुमारे वीस दिवसांनी प्राण सोडला. गू यानवू या विद्वानाला दत्तक घेऊन वाढवणाऱ्या आईनंही तेच केलं. जाताना तिनं मुलाला बजावलं, दुसऱ्या राजवटीची नोकरी करू नकोस. गू यांनी ते आयुष्यभर पाळलं. घर सोडून उत्तरेत भटकत राहिले, अभ्यास करत राहिले, नोकरीचं आमंत्रण आलं तेव्हा आईचे शब्द पुढे केले.

तरुणपणी मला हीच माणसं मोठी वाटायची. आणि राग यायचा तो च्यान च्यानयी यांचा. हे त्या काळचे नामवंत कवी आणि नानजिंगच्या दरबारातले मंत्री. शहर शत्रूच्या हवाली करणाऱ्यांत ते होते. त्यांची पत्नी ल्यू रुशी एके काळी गणिका होती. असं सांगतात की, आपण दोघं पाण्यात उडी घेऊ, असं ती म्हणाली, तर यांनी पाणी फार गार असल्याचं कारण दिलं. पुढे त्यांनी मांचूंचं पद घेतलं. मात्र थोड्याच काळात ते सोडलं आणि उरलेलं आयुष्य मिंगांच्या आठवणीत कविता लिहिण्यात आणि प्रतिकार करणाऱ्यांना चोरून मदत करण्यात घालवलं. पण शिक्का पडला तो पडलाच.

वय वाढलं तसे मला हुआंग झोंगशी अधिक कळू लागले. हे ल्यू झोंगझोऊंचे शिष्य. ते मांचूंविरुद्ध लढले, हरले आणि गुरूसारखे मेले नाहीत. जगले आणि ज्या राजवटीसाठी लढलो तिचं नेमकं कुठं चुकलं, हे शोधू लागले. त्यांच्या वडिलांचा 1626 साली मिंगांच्याच तुरुंगात छळ होऊन अंत झाला होता. मग निष्ठा कुणाशी? आपल्या पुस्तकात त्यांनी उघड मांडलं की, मंत्री हा राजाच्या खानदानाचा चाकर नाही, तो प्रजेच्या कामासाठी असतो. राजघराणं गेलं की राहिलं यापेक्षा लोक सुखात आहेत की दुःखात, हे पाहावं.

छिंग दरबारानं मिंगांचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा हुआंग यांना बोलावणं आलं. ते गेले नाहीत. पण शिष्य वान सतोंग यांना जाऊ दिलं. वान यांनी ना पद घेतलं ना पगार, एका घरी पाहुणे म्हणून राहून वर्षानुवर्षं काम केलं. ज्या अधिकाऱ्याच्या घरी ते राहिले, तो गू यानवूंचा भाचा, मांचूंच्या सेवेतला! एकाच घरात निष्ठेच्या किती तऱ्हा. बुडालेल्या राजवटीची नोंद शत्रूच्या हाती सोडायची की त्याच्याच छपराखाली बसून खरी लिहायची, यात सोपं काही नव्हतं.

शेवटी न्याय कुणी केला? मांचू सम्राट च्यानलोंग यानं. त्यानं च्यान यांची पुस्तकं बंद केली आणि 1776 मध्ये फर्मान काढून, आपल्याच पूर्वजांना शरण आलेल्यांची 'दोन राजवटींचे चाकर' अशी वेगळी यादी करायला सांगितली. त्याच वर्षी आपल्या पूर्वजांविरुद्ध लढून मेलेल्यांचा त्यानं सन्मान केला. तख्त पक्कं झाल्यावर सत्तेला गद्दार नको असतात, फितुरीचा फायदा घेऊन झालेला असला तरी.

लेक उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, "मला पाणी गारच वाटलं असतं बेटा. केसही कापून घेतले असते."

"मग?"

"मग जे पाहिलं ते खरं लिहायचा प्रयत्न केला असता. तेवढं जमलं असतं की नाही, ते मात्र आज घरात बसून सांगता येत नाही."