भरपाईच्या मिनिटांतला माणूस

२५ नोव्हेंबर २०२०. मडगावला फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर दिवे लागलेले आणि खुर्च्या सगळ्या रिकाम्या. एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. नव्वद मिनिटं संपली तरी गोलफलक कोराच. भरपाईची वेळ सुरू झाली, तीही सरत आली आणि पंचांनी मुंबईला पेनल्टी दिली. चेंडू ठेवला ॲडम ले फॉन्ड्रे या इंग्रज आघाडीपटूनं. पंचाण्णवावं मिनिट होतं. चेंडू जाळ्यात गेला आणि मुंबई १–० अशी जिंकली. इंडियन सुपर लीगमधला हा त्याचा पहिला गोल.

नव्या देशातल्या पहिल्या गोलासाठी यापेक्षा अवघड घटका शोधूनही सापडली नसती. पण शेवटच्या मिनिटाची या माणसाला सवय होती. मॅंचेस्टरला खेटून असलेल्या स्टॉकपोर्टचा हा मुलगा, २ डिसेंबर १९८६ चा जन्म. मुंबई सिटी हा त्याचा दहावा क्लब.

इंग्लंडमधला व्यावसायिक फुटबॉलपटू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रूनी, बेकहॅम, हॅरी केन अशी नावं येतात. पण इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत आणि त्यातले बहुतेक खेळाडू खेळाच्या कमाईवर घर चालवणारे कसबी लोक असतात. करार दोन-तीन वर्षांचा. प्रशिक्षक बदलला की जागा जाते. जागा गेली की क्लब ‘लोन’वर दुसऱ्या गावी धाडतो: नाव एका क्लबाच्या दप्तरी, खेळायचं दुसऱ्याच्या अंगरख्यात. जुन्या संगीत नाटक मंडळीतल्या नटाचं बिऱ्हाड जसं सांगलीहून हुबळीला आणि हुबळीहून नागपूरला हलायचं, तसंच हे जिणं. ले फॉन्ड्रेची कारकीर्द समजून घ्यायची तर तिच्यातली ही गावं ओलांडावी लागतात.

पहिलं गाव घरचंच. २००४ मध्ये तो स्टॉकपोर्ट काउंटीकडून उतरला. तिथून रॉचडेल हा तळच्या, म्हणजे चौथ्या श्रेणीतला क्लब. २००८ च्या मे महिन्यात रॉचडेल बढतीसाठीच्या अंतिम सामन्यापर्यंत, वेम्बलीपर्यंत पोहोचलं आणि ३–२ असं हरलं. हरवणारा संघ होता स्टॉकपोर्ट काउंटी. पुढे तो रॉदरहॅमकडे गेला. त्या क्लबाला तेव्हा स्वतःच्या गावात मैदान उरलेलं नव्हतं. घरचे सामने शेजारच्या शेफील्डमधल्या डॉन व्हॅली स्टेडियमवर व्हायचे. ते ॲथलेटिक्सचं मैदान. हिरवळ आणि प्रेक्षक यांच्या मध्ये धावपट्टी, त्यामुळे ओरडा मैदानात पोहोचेपर्यंत विरून जायचा. २०१० मध्ये रॉदरहॅमही बढतीच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर डॅगनम अँड रेडब्रिजकडून हरलं. गोलफलक पुन्हा तोच, ३–२.

या काळात त्याच्या पायातून गोल निघत राहिले. चौथ्या श्रेणीतल्या गोलांची बातमी होत नाही, पण वरच्या क्लबांची माणसं वही घेऊन तिथेही बसलेली असतात. २०११ च्या ऑगस्टमध्ये रेडिंगनं त्याला घेतलं. रेडिंग दुसऱ्या श्रेणीत होतं. त्याच हंगामात ते अव्वल ठरलं आणि प्रीमियर लीगमध्ये गेलं. २०११ च्या ऑगस्टपर्यंत तळच्या श्रेणीत खेळणारा माणूस २०१२ च्या ऑगस्टमध्ये चेल्सी आणि आर्सेनलच्या पंगतीला होता. पंचविशी गाठलेल्या, एव्हाना ज्याला ‘होतकरू’ म्हणणं लोकांनी सोडून दिलं होतं अशा खेळाडूसाठी ही मोठीच झेप.

मात्र प्रीमियर लीगमध्ये त्याला पहिल्या अकरांत पक्की जागा मिळाली नाही. तो बाकावर बसायचा. साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला, संघ मागे पडलेला असताना, त्याला उठवलं जायचं. बदली खेळाडूचं काम दिसतं तितकं सोपं नसतं. बाकीचे तासभर धावून सामन्याच्या लयीत आलेले असतात. याचे पाय गार असतात. पंधरा मिनिटांत एखादीच संधी मिळते आणि ती हुकली तर दुसरी येत नाही. पण बाकावर बसलेल्याकडे एक भांडवल असतं, ते म्हणजे पाहिलेलं. कोणता बचावपटू दमलाय, कोण वळताना उशीर करतोय, गोलरक्षक चेंडू थोपवून कोणत्या बाजूला सोडतोय. ले फॉन्ड्रे हे पाहणं कामाला लावायचा.

२०१३ चा जानेवारी त्याचा होता. १९ तारखेला न्यूकासलच्या मैदानावर रेडिंग पिछाडीवर असताना तो उतरला आणि दोन गोल करून सामना २–१ असा फिरवून गेला. ३० तारखेला घरच्या मैदानावर चेल्सी २–० नं पुढे होती. माता आणि लॅम्पार्ड यांचे गोल झाले होते. ८७ व्या मिनिटाला ले फॉन्ड्रेनं एक परत केला आणि भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला दुसरा. २–२. त्या महिन्याचा प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. हंगामात त्याचे बारा गोल झाले, त्यांतले आठ बदली म्हणून येऊन केलेले. एका प्रीमियर लीग हंगामात बदली खेळाडूनं इतके गोल करण्याचा तो विक्रम होता. रेडिंग मात्र एकोणिसावं आलं आणि खाली घसरलं.

पुढे घडलं ते एखाद्या कादंबरीकारानं लिहिलं असतं तर जुळवून आणलेलं वाटलं असतं. २०१४ मध्ये त्याला कार्डिफ सिटीनं घेतलं तेव्हा तिथला प्रशिक्षक होता ओले गुन्नार सोल्शार. बदली खेळाडूंच्या इतिहासातलं सर्वांत मोठं नाव हेच. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध भरपाई वेळेत मॅंचेस्टर युनायटेडला जिंकून देणारा आणि त्याच वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध बाकावरून उठून चार गोल करणारा. त्याला या मुलात काय दिसलं असेल हे वेगळं सांगायला नको. पण कारकिर्दी अशा जुळणीवर चालत नाहीत. सप्टेंबरातच सोल्शारची नोकरी गेली आणि ले फॉन्ड्रेचं बिऱ्हाड पुन्हा हलू लागलं: बोल्टन, वुल्व्हरहॅम्प्टन, विगन, पुन्हा बोल्टन. नंतर २०१८ मध्ये थेट सिडनी. तिथे सिडनी एफसीबरोबर २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं ऑस्ट्रेलियन लीगचं विजेतेपद पाहिलं. दुसरं विजेतेपद ३० ऑगस्ट २०२० चं. ऑक्टोबरात तो लोनवर मुंबई सिटीचा झाला.

मुंबईला इंग्रज फुटबॉलपटू नवे नाहीत. मुंबईच्या कूपरेज मैदानाशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं तो रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला आणि पहिला विजेता होता वूस्टरशर रेजिमेंटचा संघ. पुढची कित्येक वर्षं चषक पलटणींकडेच फिरत राहिला. भारतीय खेळाडूंच्या संघानं, बंगळुरूच्या बंगलोर मुस्लिम्सनं, तो पहिल्यांदा जिंकला १९३७ साली. ते गोरे खेळाडू शिपाई होते, सत्तेच्या पोटातून आलेले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा आलेले इंग्रज नोकरीसाठी आले. मुंबई सिटीचा पहिला प्रशिक्षक पीटर रीड. पुढल्या वर्षी पुण्यात बालेवाडीला एफसी पुणे सिटीच्या बाकावर डेव्हिड प्लॅट, आणि मैदानात निकी शोरे, रॉजर जॉन्सन आणि गोलरक्षक स्टीव्ह सिमन्सन. शोरे हाही एकेकाळचा रेडिंगचाच. पगारावर ठेवलेल्या इंग्रजांना मराठी माणसानं बालेवाडीत पळताना पाहणं, यात इतिहासाचा मोठा फेरा आहे. पुणे सिटी २०१९ मध्ये बंदच पडलं, आणि राज्याचं दुसरं मोठं फुटबॉल शहर लीगमधून पुसलं गेलं याची खंत आजही वाटते.

मुंबई सिटीचं दैव मात्र त्याच वर्षी पालटलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅंचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपनं क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. गोव्याहून प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले, त्यांच्यापाठोपाठ अहमद जाहू, ह्युगो बूमूस, मूर्तदा फॉल आणि म्हापशाचा मंदार राव देसाई. आघाडीला दोन माणसं: नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे आणि ले फॉन्ड्रे. लोबेरांचा संघ चेंडू पायात खेळवत, घाई न करता पुढे सरकायचा, आणि त्या साऱ्या विणकामाचा शेवटचा टाका घालायला गोलपाशी माणूस लागायचा. ले फॉन्ड्रे उंच नव्हता, फार वेगवानही नव्हता. चेंडू जिथे पडणार तिथे तो बचावपटूच्या आधी अर्धं पाऊल पोहोचलेला असायचा. १ डिसेंबरला, चौतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, बांबोळीच्या जीएमसी मैदानावर त्यानं ईस्ट बंगालविरुद्ध दोन गोल केले. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसला होता लिव्हरपूलचा एकेकाळचा गोलसम्राट रॉबी फाउलर. गोलपेटीत कुठे उभं राहायचं हे ज्याला कुणी शिकवावं लागलं नाही, अशा माणसासमोर केलेले हे गोल.

तो हंगामच विलक्षण होता. कोविडमुळे लीगचे अकराही संघ गोव्यात हॉटेलांमध्ये कोंडलेले आणि सगळे सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान या तीन ठिकाणी. ज्या मातीनं ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक आणि ब्रुनो कुतिन्होसारखा आघाडीपटू दिला, जिथे गावागावांत फुटबॉल खेळला जातो, तिथे चार महिने रोज देशातला सर्वोच्च फुटबॉल चालला होता आणि गोंयकाराला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. मंदार राव देसाईचं म्हापसं मैदानापासून तासाभराच्या वाटेवर, पण त्याच्यासाठी ते मुंबईइतकंच लांब.

एक गोष्ट मात्र या बंदीनं केली. एरवी अंधेरीच्या मैदानाबाहेर निळा अंगरखा घालून रांगेत उभा राहणारा प्रेक्षक आणि रायपूरच्या दक्षिणेला धमतरीच्या वाटेवर, जिथून राजिमकडे छोट्या रुळाचा फाटा फुटायचा, त्या अभनपूरसारख्या गावात टीव्हीपुढे बसणारा प्रेक्षक, हे दोघं मैदानापासून सारखेच दूर झाले. छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी घरं आहेत. रायपूरला महाराष्ट्र मंडळ आहे. मुंबईचा संघ आपला मानायचा तर तो दुरूनच, ही या घरांची सवय. त्या हिवाळ्यात सारी मुंबईच तशी दुरून पाहत होती, आणि पंचाण्णवाव्या मिनिटाची पेनल्टी प्रत्येकानं एकाच चौकटीत पाहिली.

हंगामाअखेर ले फॉन्ड्रेच्या नावावर अकरा गोल होते, ओगबेचेच्या नावावर आठ. दोघांतला एक बाकावर बसला तरी दुसरा कामावर असायचा; अशी सोय लीगमध्ये क्वचितच कुणाला लाभली असेल. साखळीत मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे गुण ४०–४०. पण २८ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईनं बागानला २–० नं हरवलं आणि आपसांतल्या सामन्यांच्या जोरावर साखळीत अव्वल ठरणाऱ्याला मिळणारी शील्ड पटकावली. उपांत्य फेरीत गोव्याशी पेनल्टींवर ६–५. आणि १३ मार्चला फातोर्ड्यावर अंतिम सामना, पुन्हा बागानशीच. बागानचा गोल आधी, मग त्यांच्याच तिरीच्या स्वयंगोलानं बरोबरी. नव्वदाव्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगनं २–१ केलं. एकाच हंगामात शील्ड आणि चषक दोन्ही नेणारा हा पहिला संघ. मुंबई सिटीच्या कपाटात तोवर एकही मोठा चषक नव्हता.

अंतिम सामन्याच्या गोलफलकावर ले फॉन्ड्रेचं नाव नाही. पण साखळीतला एक गुण जरी इकडचा तिकडे झाला असता तरी शील्ड गेली असती, आणि त्या चाळिसांपैकी तीन फातोर्ड्यावर पंचाण्णवाव्या मिनिटाला आले होते. मुंबई सिटीचा इतिहास लिहिणाऱ्यानं ही नोंद ठळक करायला हवी.

शील्डमुळे मुंबईला आशियाई चॅम्पियन्स लीगचं दार उघडलं. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला मुंबईनं २–१ नं हरवलं; त्या स्पर्धेत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. विजयी गोल राहुल भेकेचा, मुंबईतच वाढलेल्या मराठी बचावपटूचा, डोक्यानं मारलेला. ले फॉन्ड्रे तेव्हा परत सिडनीला गेला होता. २०२३ मध्ये तो एडिंबरोच्या हिबर्नियनकडे गेला आणि पुढे एफसी युनायटेड ऑफ मॅंचेस्टरकडे. हा क्लब २००५ मध्ये, ग्लेझर कुटुंबानं मॅंचेस्टर युनायटेड विकत घेतलं तेव्हा चिडलेल्या चाहत्यांनी स्वतः वर्गणी काढून उभा केला, आणि आजही त्याचे मालक चाहतेच आहेत. ले फॉन्ड्रे आला तेव्हा हा क्लब सातव्या श्रेणीत खेळत होता. चाळिशीकडे झुकलेला ले फॉन्ड्रे तिथे गोलही करायचा आणि पोरांना शिकवायचाही.