मोकळ्या हवेतलं शिक्षण, खिशाला परवडणारं

झाशीच्या माझ्या ताईची मुलगी बारावी झाली आणि घरात वाद सुरू झाला. मुलगी झाडापानांत रमणारी. सुट्टी लागली की ओरछ्याला, बेतवेच्या काठी. भाऊजींचा आग्रह मात्र इंजिनियरिंगचा, तोही कर्ज काढून खासगी कॉलेजात! "चार वर्षं बंद खोलीत माझा जीव गुदमरेल, मावशी," ती मला म्हणाली.

मी सुचवलं, आधी आपल्या गावातच शोधू. झाशीत राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. २०१४च्या कायद्याने ते स्थापन झालं. तिथे कृषी, उद्यानविद्या आणि वनशास्त्राची चार वर्षांची पदवी मिळते. रोपवाटिका, शेत, जंगल इथलं प्रत्यक्ष काम हा या अभ्यासाचाच भाग असतो. सरकारी विद्यापीठ असल्याने फीही आवाक्यातली. "पण पुढे नोकरीचं काय?" भाऊजींनी विचारलं. वनशास्त्राच्या पदवीधराला भारतीय वनसेवेची परीक्षा देता येते, हे कळल्यावर ते जरा निवळले. भाचीने प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला.

तुमच्याही घरी असं मूल असेल, तर माहितीपत्रकातल्या हिरव्यागार फोटोंना भुलू नका. वर्गाबाहेर आठवड्याला किती तास काम असतं, ते तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा. फी, वसतिगृह, खाणावळ, अभ्यास सहली यांची चार वर्षांची बेरीज कागदावर मांडा. कर्जाचा बोजा आणि नावडता अभ्यास, दोन्ही मुलांच्या माथी मारण्यापेक्षा एवढी मेहनत केव्हाही बरी.