पत्ता नक्की कोणाचा?

पुण्याहून नागपूरला राहायला गेलं की पिनकोड बदलतो, त्यावर कोणी भांडत नाही. मोबाईल नंबर मात्र कंपनी बदलली तरी आपलाच हवा. २०११ पासून देशभर ती सोय आहे. मग कंपनीचा आयपी पत्ता कशासारखा? पिनकोडसारखा की मोबाईलसारखा?

साधारणपणे तो प्रोव्हायडरच्या मालकीचा. प्रोव्हायडर सोडला की पत्ते परत करायचे. माझ्या आधीच्या कंपनीत हे काम माझ्याकडे आलं होतं. सर्व्हरचे पत्ते एका रात्रीत बदलले. पण जुने पत्ते क्लायंट्सच्या फायरवॉलमध्ये लिहिलेले! त्यांच्यामागे लागण्यात दोन महिने गेले आणि तोवर दोन्ही लिंक्सचं भाडं भरलं. लोक दरवाढ निमूट का सोसतात, ते तेव्हा कळलं.

उपाय आहे: प्रोव्हायडरशी न बांधलेले, स्वतःच्या नावावरचे पत्ते. मग ते सरसकट का देत नाहीत? आयपीव्ही-४ चा मध्यवर्ती साठा २०११ मध्येच संपला, हे खरं. पण आयपीव्ही-६ मध्ये तर पत्त्यांचा सुकाळ आहे, तरी वाद झालाच.

कारण राऊटर. दिल्लीच्या टपालवाल्याला '४११' एवढं पुरतं. मी नागपुरात राहून ४११ च लावणार म्हटलं, तर प्रत्येक टपाल कार्यालयाला माझं नाव वेगळं लिहून ठेवावं लागेल. तसंच इथे. प्रत्येक स्वतंत्र पत्ता म्हणजे जगभरच्या मोठ्या राऊटर्समध्ये एकेक जास्तीची ओळ. ऑगस्ट २०१४ मध्ये या ओळी ५ लाख १२ हजारांपुढे गेल्या आणि काही जुन्या राऊटर्सची मेमरी पुरेना. थोडक्यात, सोय माझी, खर्च सगळ्यांचा.

म्हणून युरोपच्या राईप एनसीसीने २००९ मध्ये आयपीव्ही-६ चे असे पत्ते देताना अट घातली: किमान दोन प्रोव्हायडर हवेत. ऐकायला रास्त वाटतं. पण दोन लिंक्स परवडणाऱ्याला एक सोडणं तसंही सोपं. अडकतो तो एकाच लिंकवर चालणारा छोटा माणूस, आणि अट नेमकी त्यालाच अडवते! २०१२ मध्ये ती काढली, ते बरंच झालं.

आणि गर्दीचं म्हणाल, तर आयपीव्ही-४ च्या जवळपास निम्म्या ओळी या आधीच जाहीर असलेल्या मोठ्या पट्ट्यांचेच तुकडे आहेत. ते तुकडे बहुतेक पट्टेवाल्यांनी स्वतःच्या सोयीसाठीच पाडलेले. ओळी मोजायच्याच असतील, तर सुरुवात तिथून करूया की!

बघा, पटतंय का.