बंदूक कुठे फेकते

गिरगाव, शुक्रवार

ती. दादांस साष्टांग नमस्कार.

मी आणि मुक्ता सुखरूप पोचलो. संध्याकाळी चौपाटीवर गेलो. फुग्यांची फळी दिसली नाही, पण आपण उभे राहायचो ती जागा तिला दाखवली. पगाराच्या दिवशी तुम्ही आम्हा दोघा भावंडांना लालबागहून आणायचात. भाऊला पहिल्याच छऱ्याला लाल फुगा हवा असे. तुम्ही म्हणायचात, "आधी एकाच जागी तीन मार. बंदूक कुठे फेकते ते कळू दे." त्या बंदुकांची नळीवरची माशी वाकडीच असायची. तुम्ही वाळूत गुडघा टेकून माझ्या कोपराखाली तळहात धरायचात. "चाप ओढू नकोस. गिरणीत साच्यावरचा तुटलेला धागा जोडतात तसा हळू घे."

लालबाग, शनिवार

आज आपल्या चाळीत गेले. गॅलरी होती त्यापेक्षा अरुंद वाटली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि चौपाटी थांबली. मग तुम्ही गॅलरीच्या टोकाला खडूचा ठिपका काढलात आणि माझ्या खांद्याला छत्री लावलीत. अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं, ठिपका हलायचा थांबला की बोट. छरा नाही, फुगा नाही. तेव्हा मला वाटे, तुम्ही आमचं मन रमवताय. नेम मी त्या छत्रीवरच शिकले, दादा.

दादर, सोमवार

सकाळी कीर्ती कॉलेजवरून वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. अंजली भागवत याच कॉलेजच्या एनसीसीतून बंदुकीकडे वळल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकला एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. मुक्तानं विचारलं, "त्यांना कुणी शिकवलं?" म्हटलं, संजय चक्रवर्ती सरांनी. "आणि तुला?" तुझ्या आजोबांनी.

दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा आणि छरा साडेचार मिलिमीटरचा. पोरगी घाबरली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "दहा विसर. आधी ग्रुप येऊ दे, साइट मग फिरवू." माझे डोळे भरून आले. तुमचंच वाक्य, फक्त शब्द नवे.

तिचं पहिलं कागदी टार्गेट पाकिटात घातलंय. उन्हाकडे धरून बघा. पाचही भोकं खाली डावीकडे, एकमेकांना चिकटून. दहा एकही नाही.

तुमची,
बेबी