पटावर किती मुलं?

मी अंधेरीत उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. गेल्या वर्षापासून शनिवारी दुपारी परळला जाते. कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईत आलेल्या मुलांचा तिथे एक छोटा वर्ग भरतो.

पहिल्या दिवशी सवयीने विचारलं, "पट किती?" तिथल्या एकमेव शिक्षिका हसल्या. "आज ११. पुढच्या आठवड्याचं काउंटवर अवलंबून." काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींचा. पांढऱ्या पेशी घसरल्या की संसर्गाच्या भीतीने मूल वर्गात येत नाही.

त्या ११ जणांत ६ वर्षांची मुलगी होती आणि नववीतला मुलगाही. कोणी मालद्याचं, कोणी दरभंग्याचं, कोणी जळगावचं. बंगाली, मैथिली, मराठी, उर्दू अशा ४ भाषा एका सतरंजीवर.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा प्राथमिकच्या ६० मुलांपर्यंत २ शिक्षक सांगतो. त्या हिशेबाने ११ मुलांना १ बाई म्हणजे चैनच! पण भाषा आणि इयत्ता कोण मोजणार? दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया आहेत, कॅन्सर नाही. पाय गमावलेलं मूल त्या यादीत बसतं, केमो चालू असलेलं बसत नाही. मग त्याच्यासाठी विशेष शिक्षक कुठून मागायचा?

मालेगावचा एक मुलगा होता, चौथीतला, उर्दू माध्यमाचा. बाकीची मुलं "उलटं लिहितो" म्हणून हसायची, म्हणून त्याने लिहिणंच सोडलं होतं. मी वही पुढे केली. त्याने आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग शेजारच्या बंगाली मुलीने तिचंही लिहून मागितलं. त्या दिवशी त्याने सगळ्यांची नावं लिहिली.

उपचार संपवून तो घरी गेला. महिन्याने त्याच्या अम्मीचा फोन आला, "आपा, स्कूल में नाम कट गया." गैरहजेरी फार झाली म्हणून पटावरून नाव कमी केलं होतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं, आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मी उर्दूत मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. मुलगा इथे कोणत्या तारखांना बसला, कोणते धडे झाले, सगळं जोडलं. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या सुट्टीत मालेगावला जाणार आहे.

तोवर शनिवारी २ तास देणारं, बंगाली येणारं कोणी असेल तर जरूर कळवा.